हलक्या पाण्याचा हौद

सहादेव औताडे यांच्या घरी पाहुणा गेला की चहाच्या आधी त्याला मागच्या अंगणातला हौद दाखवला जातो. हौद साधा आहे. विटांचा, कमरेइतका खोल, एक माणूस पाय पसरून बसेल एवढा. वर पत्रा, तीन बाजूंना तट्ट्या. आतून तो पांढराशुभ्र आहे, पण हा पांढरेपणा रंगाचा नाही. पाहुण्याने त्या पांढऱ्याला हात लावलेला मालनबाईंना चालत नाही. नवऱ्याने लावलेला तर मुळीच नाही. असं का, हे सांगायचं तर १९७०च्या गाळप हंगामापासून सुरुवात करावी लागते.

सहादेव श्रीरामपूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर आहेत. बॉयलरवाल्या माणसाचा जन्माचा शत्रू म्हणजे खपली. विहिरीचं किंवा कालव्याचं जड पाणी तापलं की त्यातला चुना भांड्याच्या अंगाला बसतो. घरच्या बंबात बसला तर पाणी उशिरा तापतं, एवढंच. बॉयलरच्या नळीत बसला तर नळी लाल होते, फुगते आणि फुटते. म्हणून हंगाम संपला की बॉयलर उघडायचा, आत सरपटत शिरायचं आणि छिन्नी-हातोडीने खपली काढायची. सहादेवांनी कितीतरी उन्हाळे असे लोखंडाच्या पोटात काढले. त्याचा परिणाम घरावर झाला होता. कुठेही पांढरा थर दिसला की त्यांचा हात शिवशिवायचा. घरचा तांब्याचा बंब त्यांनी इतक्या निष्ठेने साफ केला की त्याला भोक पडलं. एकदा सासुरवाडीला गेले असताना ते पाणी तापवायच्या हंड्याचं बूड खरवडत बसले, तेव्हा मेहुणा म्हणाला होता, "दाजी, तुमाला जेवायला बोलवलंय, ओव्हरटाइमला न्हाई."

बॉयलरला पाजायचं पाणी वेगळं असतं. रस आटवायला जी वाफ लागते ती निवून तिचं पाणी होतं. कामगार त्याला वाफेचं पाणी म्हणतात. त्यात चुना नाही, खार नाही, काहीच नाही. हंगामाच्या सुरुवातीला ते साठेपर्यंत बॉयलरला विहिरीचंच पाणी पाजावं लागतं, खपली धरते ती तेव्हा; पुढे ते बॉयलरला पुरून उरतं आणि उरलेलं गरमच्या गरम चारीतून वाहून जातं. कॉलनीतल्या बायका त्यातलं धुण्याला आणतात, कारण त्यात चिमूटभर साबणाचा घमेलंभर फेस होतो. सहादेवांच्या लेखी पृथ्वीवर त्याच्याहून चांगलं पाणी नव्हतं. "लाखाचा बॉयलर हे पानी पितोय," ते म्हणायचे, "मग मानसाला काय धाड भरलीय?"

त्या वर्षी मालनबाईंचे गुडघे धरले. आधी पायरी चढताना, मग बसताना, मग बसल्यावर उठताना. चूल उंचावर ओट्यावर घेतली, भाजी उभ्याने चिरू लागल्या. एवढ्यावर निभलं असतं. पण दसऱ्यानंतर थोरल्या मुलीचं, कौसल्येचं लग्न ठरलं. तारीख फाल्गुनातली. कन्यादानाला आईबापाने पाटावर बसायचं असतं, मांडी घालून, भटजी सोडतील तोवर. आईला बसता आलं नाही तर चुलता-चुलती बसतात. तशी रीत आहे आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

मालनबाईंना वाटत होतं. चुलती म्हणजे सोनईच्या बायडाबाई, सहादेवांच्या थोरल्या भावाची, बन्सी औताडे यांची बायको. कौसल्येच्या बारशाला पाळण्याची दोरी बायडाबाईंच्या हातात होती. पहिल्या बांगड्या त्यांनी भरल्या. शाळेतून नाव काढायचं की नाही यावरही त्या सोनईहून बोलल्या होत्या. साखरपुड्याला त्यांनी मालनबाईंना भिंतीला धरून उठताना पाहिलं आणि सगळ्या बायकांत म्हणाल्या, "मालन, जिवाला कशाला तरास घेतीस? आमी दोघं बसू की पाटावर. कौशी काय मला परकी हाय?"

सहादेवांनी खुर्चीची सूचना केली. मालनबाई म्हणाल्या, "खुर्चीत बसून पोरगी द्यायला मी मामलेदार हाय का? अहो, काय बी करा, पन माझे गुडघे वाकले पायजेत. त्या बाईला मी पाटावर बसू देनार न्हाई."

श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज कमरेपर्यंत गरम पाण्यात बसायला सांगितलं, पाय सैल सोडून, चांगला अर्धा तास. बादलीत हे जमणार नव्हतं. सहादेवांच्या डोळ्यांसमोर चारीतून वाहणारं गरम पाणी आलं आणि त्यांनी हौद बांधायचं ठरवलं.

हौद बांधला इब्राहिम गवंड्याने. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं आणि न्हाणीसाठी परमिट मागायला सहादेवांना संकोच वाटला. इब्राहिमभाई म्हणाले, चुन्यात करू, सिमेंटपेक्षा चुना बरा. त्यांनी बैलाच्या घाणीत मळलेला चुना वापरला, त्यात विटांची पूड घातली, गिलावा घोटून घोटून गुळगुळीत केला आणि पंधरवडाभर विहिरीचं पाणी भरून ठेवून तो पक्का केला. थेंब गळला नाही. मग सहादेवांनी हातगाडीवर पिंप बांधलं, चारीवरून वाफेचं पाणी आणलं आणि मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी मालनबाई हौदात उतरल्या.

पहिली भानगड साबणाची झाली. साबण न लावता झालेली आंघोळ मालनबाईंच्या हिशेबी आंघोळ नव्हती. आयुष्यभर त्यांनी विहिरीच्या जड पाण्याने अंग धुतलेलं, त्यात वडी झिजते तेव्हा कुठे थोडा फेस येतो. त्याच सवयीने त्यांनी हौदात बसून वडी फिरवली. फेस मानेपर्यंत आला, काठावरून उतरला आणि तट्ट्यांखालून अंगणात गेला. त्यांनी तांब्यामागून तांब्या पाणी घेतलं. फेस संपेना आणि अंगाचा बुळबुळीतपणा जाईना.

"अहो, पानी बदला," त्या आतून ओरडल्या. "ह्यात त्याल हाय."

"त्याल न्हाई, हलकं पानी हाय ते," सहादेव बाहेरून म्हणाले. "साबन कवाच गेलाय. हलक्या पान्यात अंग आसंच लागतंय."

"गेलाय तर मग माझ्या हातातनं तांब्या का निसटतोय?"

शेजारच्या बनुबाई भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "औताडेभाऊ, बायकूला धुताय का ढवळताय?"

तरीही गुडघ्यांना आराम पडला. संक्रांतीच्या सुमारास मालनबाई खाटेच्या कडेवरून हात न टेकता उठल्या. सहादेव दोन दिवस कारखान्यात ज्याला त्याला हेच सांगत होते.

मग हौदाच्या तळाला पायांखाली वाळू लागायला लागली. आधी वाटलं, बाहेरून येते. पण ती गिलाव्यातून सुटत होती. घोटलेला भाग खरखरीत झाला, कोपऱ्यांत विटा दिसू लागल्या आणि एक दिवस बनुबाईंच्या अंगणातून आरोळी आली. त्यांनी सामाईक भिंतीला लागून गोवऱ्या रचल्या होत्या. खालचे दोन थर भिजून परत शेण झाले होते.

इब्राहिमभाईंना बोलावलं. ते हौदात वाकून बराच वेळ बोटाने भिंत चाचपत राहिले.

"सहादेवभाऊ, श्रीरामपुरात माझ्या बापानं हाच चुना लावून हौद बांधलाय. अजून गळत न्हाई."

"त्यो न्हाई गळत, हा गळतोय. माल कच्चा हाय तुजा."

"माल कच्चा? पंधरा दिस पानी धरलं ना त्यानं? तवा का गळला न्हाई? भाभीचा साबन खातोय त्याला. एवढा साबन तर धोबी बी वापरत न्हाई."

मालनबाईंचा साबण बंद झाला. गिलावा खरवडून नवा केला गेला, पुन्हा विहिरीच्या पाण्याने पक्का केला गेला आणि पुन्हा थेंब गळला नाही. मालनबाईंची आंघोळ तेवढ्या दिवसांत चुकली, गुडघे परत आखडले. मग साबणाशिवायचं वाफेचं पाणी आत गेलं आणि गिलावा पुन्हा वाळू सोडू लागला. या खेपेला बनुबाईंनी भिजलेल्या गोवऱ्या औताड्यांच्या दारात आणून मांडल्या आणि म्हणाल्या, "घ्या, तुमच्याच पान्यानं झाल्यात, तुमीच थापा."

इब्राहिमभाई आले, पाहून हात झटकले. "भाऊ, पानी तरी बदलून बघा एकदा. न्हाईतर आता मला बोलवू नका. लोक इचारत्यात, औताड्यांचा हौद तूच बांधला का. मी न्हाई म्हनून सांगतोय."

पाणी बदलायचं म्हणजे विहिरीचं आणायचं. सहादेवांना ते ऐकवेना. जड पाणी तापवून त्यात आपण होऊन माणूस बसवायचा, हे बॉयलरवर काम करणाऱ्याने करायचं नव्हे. "खपली धरंल हौद," ते म्हणाले.

"धरू द्या की," मालनबाई म्हणाल्या. "बॉयलर फुटंल म्हनून घाबरताय, हौद काय फुटनार हाय?"

"तुला कळायचं न्हाई ते."

हे वाक्य त्या घरात त्या महिन्यात इतक्या वेळा बोललं गेलं की कौसल्या ते बापाआधीच म्हणून टाकायची.

खरी गोष्ट अशी होती की, चूक कोणाच्याच हातची नव्हती. चुना चांगला होता, गवंडी चांगला होता आणि साबणाचा काही संबंध नव्हता. वाफेच्या पाण्यात काही विरघळलेलं नसतं, म्हणून जे भेटेल ते ते विरघळवून घेतं. पोलादी बॉयलरमध्ये त्याला चुना भेटत नाही आणि तिथे ते गुणाचं ठरतं. इथे त्याच्या चारी बाजूंना चुनाच होता. गरम पाणी रोज थोडा चुना काढून घेत होतं आणि रोज संध्याकाळी मोरीतून वाहून जात होतं. सहादेव रोज नवं, तितकंच भुकेलं पाणी आणून ओतत होते. विहिरीच्या पाण्याचं पोट मुळात चुन्याने भरलेलं असतं. ते भिंतीकडून काही घेत नाही, उलट तापलं की देतं.

हे घरात कोणी कोणाला समजावलं नाही. माघात कारखान्याच्या घाण्याचा एक मोठा रूळ मोडला आणि गाळप थांबलं. वाफच नाही, तर वाफेचं पाणी कुठलं? बंद काळाचा फायदा घेऊन बॉयलर उघडायचं ठरलं आणि सहादेव सकाळी अंधारात जाऊन अंधार पडल्यावर यायला लागले, तेही इतके दमून की जेवतानाच पेंगायचे. मालनबाईंनी त्यांना काही विचारलं नाही. कौसल्या विहिरीवरून पाणी आणू लागली. भोकाला डाग दिलेला बंब आणि दोन पातेली चुलीवर चढू लागली, आणि मालनबाई जड पाण्यात, साबणाच्या वडीसकट, बसू लागल्या. फेस येत नव्हता. त्यांना बरं वाटत होतं.

पहिल्या दिवशी हौद गळला. नंतर पाझरू लागला. नंतर भिंत नुसती ओली राहिली. आठवड्याने बनुबाई आपल्या बाजूच्या भिंतीवरून हात फिरवून म्हणाल्या, "सुकली की गं! काय केलंस?"

"काय न्हाई. ह्यांना कामाला धाडलं," मालनबाई म्हणाल्या.

आतून हौदावर पातळ पांढरा थर धरला होता. उघड्या पडलेल्या विटांच्या सांध्यांत तो जास्त जाड होता. बंबाला जे होतं तेच हौदाला झालं होतं आणि या वेळी त्याचा उपयोग होता. गुडघेही पुन्हा सैल झाले. लग्नाला पंधरा-वीस दिवस राहिले असताना मालनबाईंनी घरात पाट मांडला, त्यावर मांडी घालून बसल्या आणि कौसल्येला समोरचं तांदूळ निवडायचं ताट द्यायला सांगितलं. अख्खं ताट निवडून मगच उठल्या. सोनईला सांगावा गेला की मालनबाई स्वतः पाटावर बसणार.

बॉयलरचं काम संपलं तो मंगळवार होता. सहादेव त्या दिवशी दुपारीच घरी आले. मालनबाई आणि कौसल्या बांगड्या भरायला बाजारात गेल्या होत्या. मालनबाई चालत गेल्या होत्या, ही बातमी बनुबाईंनी त्यांना दारातच दिली. सहादेव खुशीत मागच्या अंगणात गेले आणि त्यांनी हौद पाहिला. आत सगळीकडे खपली.

कित्येक दिवस ते बॉयलरमध्ये तीच काढत होते. छिन्नी खिशातच होती. बायको चालत बाजारात जाते आहे आणि आपण तिला अशा घाणीत बसवतो, हे त्यांना लागलं असावं. त्यांनी सदरा काढला, हौदात उतरले आणि कामाला लागले. ठोकाठोक ऐकून बनुबाईंनी विचारलं, "औताडेभाऊ, काय चाललंय?"

"सफाई," आतून उत्तर आलं.

बनुबाई नंतर सांगत, की तेव्हाच पळत जाऊन मालनबाईंना बाजारातून आणायला हवं होतं.

मालनबाई हिरव्या बांगड्या भरून आल्या, तेव्हा सहादेव हौदाच्या काठावर बसून विडी ओढत होते. केसांत, मिशांत, भुवयांत पांढरी भुकटी. हौद तांबडा, नुसत्या विटा.

"बघ कसा आरसा केलाय," ते म्हणाले.

मालनबाईंनी पाण्याची भरलेली कळशी उचलली आणि हौदात ओतली. मग दुसरी. तिघंही बघत राहिली. पाणी विटांच्या सांध्यांत शिरलं आणि थोड्या वेळाने भिंतीपलीकडून आवाज आला, "आलं गं बया! परत आलं!"

"अहो," मालनबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढलेला नव्हता, "मी बॉयलर हाय का तुमचा?"

"आगं पन खपली..."

"त्या खपलीनंच पानी धरलं हुतं. महिनाभर तुमचा चुना, तुमचा गवंडी, तुमचं लाखाचं पानी, कशानं धरलं न्हाई. तिनं धरलं. ती तुमी छिन्नीनं काढली." त्या ओसरीवर बसल्या, भिंतीला धरून. "सोनईला सांगावा धाडा. म्हनावं, आक्का, पाट तुमचा. मी आता ह्या मानसापुढं हात टेकले."

सहादेवांनी सांगावा धाडला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची हातगाडी चारीकडे न जाता विहिरीकडे गेली. विहिरीवर कारखान्यातले, त्यांच्याच पाळीतले लोक होते. एकाने विचारलं, "औताडे, जड पानी? बॉयलरला कळलं तर?" दुसरा म्हणाला, "घरचा बॉयलर तापलाय त्यांचा." सहादेव पिंप भरत राहिले. घरी येऊन त्यांनीच बंब पेटवला, पाणी कडक तापवलं आणि हौदात ओतलं. गळलं तेवढं परत भरलं. बनुबाईंच्या उरलेल्या गोवऱ्या त्यांनी स्वतः उचलून दुसऱ्या कोपऱ्यात रचून दिल्या. मालनबाई त्या पाण्यात येऊन बसायच्या. पाणी उतरत जायचं, सहादेव ओतत राहायचे, पाणी तिच्या कमरेखाली उतरू न देता.

कारखाना पुन्हा सुरू झाला. चारीला गरम पाणी फुकट वाहू लागलं. सहादेव त्याच्या कडेने जड पाण्याचं पिंप ढकलत घरी यायचे. रोज पाणी सोडून दिल्यावर ते हौदात वाकून विटांचे सांधे बघायचे. जन्मभर जी दिसू नये म्हणून कष्ट केले, ती खपली धरते आहे का, हे पाहायचे. आठवड्याने सांधे भुरके झाले. मग पांढुरके. लग्नाच्या आदल्या दिवशी बनुबाईंची भिंत जेमतेम ओली होती. मालनबाईंच्या गुडघ्यांचं त्या दिवशी नक्की काही सांगता येत नव्हतं. मधले दिवस वाया गेले होते.

कन्यादानाच्या वेळी बायडाबाई जरीचं लुगडं नेसून पाटाच्या अगदी मागे उभ्या होत्या. गरज लागली तर, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. मालनबाई नवऱ्याच्या दंडाला धरून खाली बसल्या आणि त्यांनी मांडी घातली. डावा पाय थोडा बाहेर राहिला, तो पदराखाली गेला. भटजी सावकाश होते. एकेक विधी समजावून सांगत होते. निम्म्यावर आले, तेव्हा मालनबाईंच्या कपाळावर घाम होता.

बायडाबाई वाकून म्हणाल्या, "मालन, कळ लागत आसंल तर ऊठ. मी हाय."

"आक्का, तुमी उभ्या ऱ्हाऊन दमल्या आसाल," मालनबाई समोर बघतच म्हणाल्या. "तिकडं बायकांत बसा जरा. सतरंजी चांगली हाय."

त्यांनी मुलीचा हात जावयाच्या हातात दिला, पाणी सोडलं, अक्षता टाकल्या. भटजींनी उठायला सांगितलं. सहादेव उठले. मालनबाईंना उठता येईना. सहादेवांनी हात पुढे केला, पण एकट्याने जमलं नसतं. शेवटी बायडाबाईंनी दुसऱ्या बाजूने काखेत हात घातला आणि दोघांनी मिळून त्यांना उभं केलं.

"लई हट्टी हायेस बया," बायडाबाई म्हणाल्या.

"व्हय," मालनबाई म्हणाल्या. "आता पाट तेवढा उचला, आक्का. मला वाकता येत न्हाई."

बायडाबाईंनी पाट उचलला.

आता हौदात निम्मं वाफेचं आणि निम्मं विहिरीचं पाणी घालतात. खपली वाढत नाही आणि झिजतही नाही, साबणाचा फेस बेताचा येतो आणि तांब्या हातातून निसटत नाही. हे प्रमाण कोणी सांगितलं, असं विचारलं तर दोघं एकाच वेळी "मी" म्हणतात. इब्राहिमभाई हौद आपण बांधल्याचं पुन्हा सांगू लागले आहेत. सहादेवांचं मत मात्र बदललेलं नाही. हलक्या पाण्यात खोट नाही, चुना कच्चा होता, असं ते आजही ठामपणे म्हणतात, फक्त मालनबाई घरात नसताना. पाहुण्याला हौद दाखवताना त्यांचा अंगठा नकळत पांढऱ्या काठाकडे जातो. "अहो," असं स्वयंपाकघरातून ऐकू येतं. तिथून हौद दिसत नाही. तरी अंगठा मागे येतो आणि ते पाहुण्याला म्हणतात, चला, चहा घेऊ.